मृत ऑलिव्ह रिडले समुद्री कासवांतले जड धातू: नमुना कुठला घ्यावा?

प्रश्न (खाडीकाठ): कोकणात वाहून आलेल्या मृत रिडलेंचं पोस्टमॉर्टेम होताना कॅडमियम, शिसं, पारा आणि आर्सेनिकसाठी नमुने घ्यायचे आहेत. वन विभागाची लेखी परवानगी आहे. कुठला अवयव, किती आणि ठेवायचा कशात? आकडे जास्त आले तर ‘धातूमुळे मृत्यू’ म्हणता येईल का?

उत्तर १ (निवटी): कॅडमियमला मूत्रपिंड, पाऱ्याला यकृत, शिशाला हाड. नुसत्या स्नायूवर भागवू नका, त्यात कॅडमियम फार कमी असतं. मूत्रपिंडं मागच्या बाजूला, पाठीच्या कवचाला आतून चिकटलेली असतात. आतडी बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्येकी १०-२० ग्रॅम पुरे. बाहेरचा, वाळू लागलेला थर काढून आतला तुकडा सिरॅमिकच्या सुरीनं घ्या. स्टीलच्या पात्यानं क्रोमियम-निकेल लागतं. पुढे तेही मोजावंसं वाटलं तर पंचाईत. हातमोजे बिनपावडरचे. प्लास्टिकच्या डब्या आधी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्यानं धुवा. उणे २० अंशांवर गोठवा, फॉर्मॅलिन नको. सडलेलं शव असेल तर तशी नोंद करा.

उत्तर २ (आयसीपीवाला): पारा उडून जातो म्हणून नमुना वाळवायला ओव्हनपेक्षा फ्रीझ-ड्रायर (गोठवून वाळवणारं यंत्र) बरा. आर्सेनिकची मेख वेगळीच. नमुन्यातलं क्लोरीन (३५) आणि अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रातला आर्गॉन वायू (४०) जोडले की वस्तुमान ७५, म्हणजे नेमकं आर्सेनिकचं! यंत्रातला हेलियम सेल (अशा जोड्या गाळणारा कप्पा) चालू नसेल तर आकडा खोटा फुगतो. शिवाय समुद्री प्राण्यांतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबेटेन या जवळपास निरुपद्रवी रूपात असतं, त्यामुळे एकूण आकड्यावरून घाबरू नये. प्रत्येक बॅचमध्ये रिकामा नमुना (ऊतक न घालता केलेला) आणि डोल्ट-५ (धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असलेलं, पडताळणीचं डॉगफिश माशाचं यकृत) हवंच.

उत्तर ३ (कवचमाप): मृत्यूचं कारण? नाही म्हणता येणार. मूत्रपिंडातलं कॅडमियम वयानुसार साठत जातं, म्हणून वयाचा अंदाज देणारी कवचाची वक्र लांबी (पाठीच्या बाकावरून टेपनं मोजलेली) लिहिल्याशिवाय दोन कासवांची तुलनाच नको. यकृतात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. तुमचा आकडा वाळक्या वजनाचा आणि समोरचा ओल्याचा असेल तर फरक चौपट दिसतो. अहवालांत सर्वाधिक घोळ इथेच! पाऱ्यासोबत सेलेनियमही मोजा, ते पाऱ्याला बांधून ठेवतं. आणि आधी फुफ्फुसं बघा, जाळ्यात गुदमरून मेलेलं असू शकतं.

खाडीकाठ: न फुटलेली अंडी चालतील?

निवटी: पिल्लं बाहेर पडल्यावर घरटं उकरतात तेव्हा मिळालेली चालतील. पण बलक आणि टरफल वेगळं ठेवा. टरफलाला वाळूतले धातू चिकटतात. पाणी उडालेलं असतं, म्हणून आकडे वाळक्या वजनावरच द्या.