लॅपटॉप पोचले, पुढे काय?

"पोरांच्या हातात कॉम्प्युटर द्या, बाकीचं ती आपोआप शिकतात," असं बरेचजण म्हणतात. पेरू देशाने हे करून पाहिलंय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेत तिथल्या खेड्यापाड्यांत लाखो लॅपटॉप गेले. ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला: वापर भरपूर वाढला, गणित-भाषेच्या गुणांत मात्र फरक सापडला नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, तोही नाकारू नये.

आता आपल्या खान्देशात बघा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं पोर घरी पावरी नाहीतर भिली बोलतं, खाली तापीकाठी अहिराणी. टॅबमधला धडा प्रमाण मराठीत. शिवाय पाचवीचा धडा म्हणजे पाचवीचाच, मग पोराला हातच्याची वजाबाकी येवो न येवो. खरं घोडं इथे अडतं, आणि यावर कुणी बोलत नाही. उद्घाटनाचा फोटो मात्र झकास येतो!

याउलट दिल्लीतला 'माइंडस्पार्क'चा प्रयोग. मुलाची पातळी ओळखून तिथूनच उदाहरणं देणारं सॉफ्टवेअर, शाळेबाहेरच्या केंद्रांत, आणि जोडीला छोट्या गटात शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली प्रगती दिसली.

म्हणून सरसकट 'कॉम्प्युटर नकोच' म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. फक्त खरेदीची निविदा निघण्याआधी पावरीतून काही तयार आहे का, मास्तरांना प्रशिक्षण कधी आणि शाळेचं वीजबिल कोण भरणार, एवढं विचारा.