मदत हवी आहे: तीनदा प्रीपेंड करूनही येणारा ट्रॅफिक पुण्याच्याच लिंकवर

नमस्कार मंडळी,

निपाणीत आमचं छोटं इंटरनेटचं काम आहे. कस्टमर निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचे. अपस्ट्रीम (आम्हाला पुढं इंटरनेट देणारे) दोन: एक कोल्हापूरवरून पुण्याचा, दुसरा बेळगाव-धारवाड करत बेंगळुरूचा. बेंगळुरूची लिंक मोठी आणि स्वस्त, म्हणून भार तिच्यावर हवाय. पुणे बॅकअपला, कारण हायवेला जेसीबी लागला की कुठलं तरी फायबर तुटणार हे ठरलेलंच.

जाणाऱ्या ट्रॅफिकचं काही नाही. बेंगळुरूच्या रूट्सना (वाटांना) लोकल प्रेफरन्स (आपल्या नेटवर्कपुरता पसंतीचा आकडा, मोठा जिंकतो) २०० लावला, पुण्याला डिफॉल्ट १०० ठेवला, लगेच वळला. त्रास येणाऱ्याचा. आमचा /२३ (५१२ आयपी पत्त्यांचा गट) दोन्हीकडं जाहीर होतो, पुण्याकडं आमचा एएस नंबर (नेटवर्कचा ओळख क्रमांक) तीनदा जादा जोडून, म्हणजे प्रीपेंड करून, वाट लांब दिसावी म्हणून. तरी रात्री आठनंतर पुण्याची लिंक फुल्ल आणि बेंगळुरूची निम्मी रिकामी! पुणेवाल्यांच्या लुकिंग ग्लासमध्ये (त्यांच्या राउटरला दिसणारे रूट दाखवणारं पान) असं दिसतं (नंबर बदललेत; ६४५०० आम्ही, ६४५०१ बेंगळुरूवाले):

६४५०० ६४५०० ६४५०० ६४५००, लोकल प्रेफ २००, बेस्ट
६४५०१ ६४५००, लोकल प्रेफ १००

चार नंबरांचा पाथ दोन नंबरांच्या पाथला हरवतोच कसा?

उत्तर:
दादा, उत्तर तुम्हीच चिकटवलंय की. लोकल प्रेफरन्स सारखा निघाला तरच बीजीपी (नेटवर्कांमधल्या वाटा ठरवणारा प्रोटोकॉल) पाथची लांबी बघतो. २०० विरुद्ध १०० म्हटल्यावर तिथंच निकाल लागला. बहुतेक प्रोव्हायडर कस्टमरच्या रूटला पीअरच्या (बरोबरीनं जोडलेल्या नेटवर्कच्या) रूटपेक्षा वर ठेवतात. कस्टमर पैसे देतो, पीअर देत नाही. व्हिडिओचे कॅशे (जवळ साठवलेल्या प्रती) त्यांच्या नेटवर्कमध्ये असतील, तर रात्रीचा मोठा ट्रॅफिक थेट तुमच्या पुण्याच्या लिंकवर येणार. दहादा प्रीपेंड करा, फरक शून्य.

एमईडीच्या (शेजाऱ्यानं कुठल्या लिंकनं यावं ते सुचवणाऱ्या आकड्याच्या) नादाला लागू नका. तो पाथच्या लांबीनंतर येतो आणि एरवी एकाच शेजारी एएसच्या रूट्समध्ये तपासला जातो. तुमचे शेजारी दोन वेगळे.

पुणेवाल्यांकडं कम्युनिटीची (रूटला लावायच्या खुणांची) यादी मागा. लोकल प्रेफ १०० च्या खाली उतरवणारी कम्युनिटी असली तर ती लावा, विषय मिटला.

मूळ धागाकर्ता:
मागितली हो. "आमच्याकडं तसलं काही नसतंय" म्हणाले.

उत्तर:
मग /२३ दोन्हीकडं राहू द्या आणि त्याचेच दोन /२४ (निम्मे-निम्मे भाग) फक्त बेंगळुरूकडं सोडा. पॅकेट पुढं धाडताना राउटर सगळ्यात नेमका जुळणारा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) धरतो. /२३ आणि /२४ ची आपसात तुलनाच होत नाही, त्यामुळं लोकल प्रेफ आडवा येत नाही. बेंगळुरू तुटली तर /२४ निघून जातील, /२३ वर पुण्याकडून काम चालेल. /२५ च्या भानगडीत पडू नका, बाहेर सहसा कुणी घेत नाही.

पण आधी आरओए (कुठला एएस कुठला गट जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद) बघा. त्यात मॅक्स लेंथ (किती लहान गटापर्यंत चालेल ती मर्यादा) २३ असेल तर हे /२४ आरपीकेआयमध्ये (अशा नोंदींवरून रूट तपासायच्या व्यवस्थेत) इनव्हॅलिड ठरतील आणि तपासणी करणारी नेटवर्क ते फेकून देतील.

मूळ धागाकर्ता:
म्हणजे पुण्याहून येणारंसुद्धा बेंगळुरूला वळसा घालून येणार? गेम खेळणारी पोरं पिंग वाढला म्हणून बोंबलतील.

उत्तर:
येणारच. त्या पोरांना एकाच /२४ मध्ये गोळा करा आणि तेवढा /२४ बेंगळुरूकडं सोडू नका, म्हणजे पुण्याचं त्यांच्याकडं /२३ वरून थेट येईल.