बाळ कोण धरणार?

माणदेशी बाई
मी दहिवडीच्या बाजूला माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीच्या तोंडावर लग्न झालेली माझी एक विद्यार्थिनी परवा दाखला न्यायला आली, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. म्हटलं, १७ नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा दे. म्हणाली, "फॉर्म भरते बाई, पण पेपरला बाळ कोण धरणार?" सासू रोजानं भांगलायला, नवरा ऊसतोडीला. अशी पोर पुढं शिकणार की नाही, ते तिच्या हुशारीवर ठरत नाही. घरात बाळ धरायला कुणी आहे का, यावर ठरतं.

जतकर
बाई, पटलं नाही. २००६ च्या कायद्यानं अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. आमच्याकडं दिवाळीच्या सुमाराला माणसं कारखान्याला जातात. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिला उजवून टाकतात. शिवाय ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्या जोडप्यावरच मिळतात. आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर ताकद लावा. "लग्नानंतरही शिकता येतं" हे गावात रुजलं, तर बाप अजून लवकर लग्न लावतील.

आशाताई, खानापूर तालुका
दादा, लग्नं थांबवाच, मीही त्यासाठी भांडते. पण जिचं होऊन गेलं तिला मी काय सांगू? अंगणवाडीत मूल तीन वर्षांचं झाल्यावर बसतं. तोवर घरपोच आहार मिळतो, सांभाळणारं कुणी मिळत नाही. तेवढ्यात दुसरं मूल होतं.
आणि बाई, नुसती माणसं असून भागत नाही. माझ्याकडच्या दोघी एकाच वर्गातल्या. एक बाळंतपणाला माहेरी आली ती तिथंच राहिली. आई दोन म्हशी बघून नातवाला सांभाळायची, पोरगी बारावीला बसली. दुसरीच्या सासरी अकरा माणसं, पण "सुनेला शाळा कशाला" हे एकट्या सासऱ्यानं ठरवलं. त्यात गरोदर पोरीचं वय अठराच्या आत असलं की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं. त्या धास्तीनं घरचे पोरीला पाहुण्यांकडं लपवतात. लपवलेली पोर शाळेत कशी जाणार?

कृष्णाकाठ
घरच्यांनाच किती बोल लावणार? माझ्या भाचीचं बाळ माझी बायको सांभाळत होती, एसटीचा पास काढून दिला होता. आठ दिवसांत पोरगी घरी बसली. वर्गात पोरी तिच्याकडं बघून कुजबुजायच्या, सरांनी मागच्या बाकावर बसवलं. अंगावर पाजणारी पोर, दुपारपर्यंत पोलकं भिजायचं. बाळाजवळ जाऊन यायला दहा मिनिटं मागितली तर नाही म्हणाले.

माणदेशी बाई
कृष्णाकाठ, हे वाचून लाज वाटली. "बाकीच्या मुलींवर काय परिणाम होईल" असं आमच्याही शिक्षकखोलीत एकजण म्हणाले होते आणि मी गप्प बसले. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, तिथं मी दरवर्षी मुली घेऊन जाते. गप्प बसायला नको होतं.

जतकर
शाळेचं मान्य. तरी वसतिगृह आधी.

माणदेशी बाई
वसतिगृहासाठी तुमच्याबरोबर अर्ज करते. पण ही पोर यंदाचीच आहे. पेपरच्या दिवशी केंद्राबाहेर बाळ घेऊन बसाल का, असं तिच्या मावशीला विचारलंय. अजून निरोप आलेला नाही.