अनुभव धागा: इंग्रजी न येणारं मूल वर्गात नव्यानं आलं तर

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी-कोकणीतून चालतात आणि पाचवीला बहुतेक मुलं एकदम इंग्रजी माध्यमात जातात. शिवाय वास्को, झुआरीनगर, वेर्णा, म्हापसा या पट्ट्यात कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारहून आलेल्या कामगारांची मुलं वर्षाच्या मधेच इंग्रजी माध्यमाच्या दुसरी-तिसरीत येऊन बसतात. अशा मुलासाठी वर्गात नेमकं काय करायचं, ते इथं लिहा. मोघम नको.

वर्गशिक्षिका, तिसरी, वास्को

पहिले पंधरा दिवस धड्याची घाई नको. मुलाला दुसऱ्या रांगेत बसवा, फळा आणि टीचरचं तोंड दोन्ही दिसेल असं. शेजारी वर्गातलं सगळ्यात हुशार मूल देऊ नये, ते याची वही स्वतःच भरून टाकतं. शांत, न कंटाळणारं मूल द्यावं आणि दोन आठवड्यांनी बदलावं.

गरजेच्या वाक्यांची आठ कार्डं करा: लघवीला जाऊ का, पाणी हवं, पोटात दुखतं, कळलं नाही, पुन्हा सांगा, मदत हवी, तो त्रास देतो, घरी फोन करा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, वर चित्र, खाली इंग्रजी वाक्य, कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवायचं. सुरुवातीला कार्ड दाखवलं तरी काम झालं पाहिजे. मुलानं कार्ड उचललं की वाक्य आपण म्हणायचं, त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही.

मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. या काळात ते ऐकत असतं. ‘कळलं का?’ विचारलं की मान हलतेच, त्यामुळे तो प्रश्न निरुपयोगी. ‘दाखव’, ‘बोट ठेव’, ‘चित्र काढ’, ‘यातलं वेगळं काढ’ असं विचारा. उठ, बस, पुस्तक उघड, दप्तर खाली ठेव, या सूचना रोज त्याच शब्दांत आणि हातवारे करून द्याव्यात. टीचरनं दर वेळी शब्द बदलले की मुलाला धरायला काही उरत नाही.

इंग्रजीच्या शिक्षिका, पाचवी, डिचोली

पाचवीला आलेली मुलं ‘सी-ए-टी कॅट’ तालात म्हणतात, पण नवा शब्द समोर आला की अडतात, कारण त्यांना अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांच्या आवाजांपासून सुरू करा. एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप असे पुष्कळ शब्द जुळतात. रोज दहा मिनिटं, कार्डं सरकवून.

देवनागरीत आणि कन्नडातही व्यंजनात ‘अ’ आधीच असतो. म्हणून ‘सन’ लिहायला सांगितलं की मूल एस-एन लिहून मोकळं होतं. याला आळस म्हणू नये. शब्द म्हणताना प्रत्येक आवाजाला एक बोट उघडायला लावा, मग मधला स्वर सापडतो. आपल्या लिप्यांत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे शब्दाच्या मधेच मोठं अक्षर येतं. बी आणि डी उलटसुलट होतात. कन्नड घरातलं मूल ‘बस्सु’ म्हणतं, उत्तरेकडचं ‘इस्कूल’. उच्चारासाठी चारचौघांत थांबवू नये, आपण पुढच्या वाक्यात तो शब्द नीट म्हणावा. वहीतही एका वेळी एकाच प्रकारची चूक तपासा. पान लाल झालं की मूल लिहिणंच सोडतं.

वर सांगितलेल्या कार्डांवर वाक्य देवनागरीत लिहायला हरकत नाही, पण वाचनाच्या पुस्तकात इंग्रजी शब्दावर देवनागरी उच्चार लिहू देऊ नका. डोळा तिथंच जातो आणि इंग्रजी अक्षरं वाचलीच जात नाहीत.

गणित शिक्षक, फोंडा

आकडेमोड येते, शाब्दिक गणित अडतं. ‘हाऊ मेनी मोअर’ दिसलं की मूल बेरीज करतं. आठ आंबे आणि पाच आंबे एकाखाली एक काढून जोड्या लावायला सांगा, उरलेले तीन दिसतात. ‘लेफ्ट’ म्हणजे डावं आणि उरलेलं, हेही वेगळं शिकवावं लागतं. थर्टीन-थर्टी ऐकताना सारखेच वाटतात, तिथं काड्यांचे गठ्ठे समोर ठेवा.

मराठी-कोकणीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, म्हणून बावन्न बघून मूल ‘ट्वेंटी फाय’ म्हणतं. कन्नडात वीस आधी, इंग्रजीसारखेच, त्यामुळे कन्नड मुलांना हा त्रास कमी.

संसाधन शिक्षिका (जादा मदत लागणाऱ्या मुलांसोबत काम करणाऱ्या), मडगाव

गोव्यातली खास अडचण अशी की इंग्रजी माध्यमातही टीचर समजावून सांगताना कोकणीत वळतात. परप्रांतीय मुलासाठी ती दुसरी नवी भाषा. मैदानावर कोकणी लवकर येते, मूल भराभर बोलू लागतं आणि सगळ्यांना वाटतं, आता पुस्तकही कळतं. खेळण्याबोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची यायला पाच ते सात वर्षं लागतात असं या विषयातले अभ्यासक मानतात. म्हणून मूल बोलू लागलं की चित्रं, शब्दसूची, अर्धी भरलेली वाक्यं बंद करण्याची घाई करू नये.

आईवडिलांना ‘घरी इंग्रजी बोला’ असं कधीही सांगू नका. घरच्या भाषेत गोष्टी, हिशेब, गप्पा भरपूर होऊ देत. तिथं पक्की झालेली कल्पना इंग्रजीत फक्त नवं नाव घेते. भेटीची वेळ वडिलांच्या पाळीप्रमाणे ठेवा. तक्रार सांगायला मुलालाच दुभाषा करू नये, त्या भाषेचा मोठा माणूस शोधा.

त्याच भेटीत विचारा: आधी कुठल्या लिपीत, कितवीपर्यंत शिकलं? घरच्या भाषेत उशिरा बोलायला लागलं का? मागून हाक मारली तर वळतं का? घरच्या भाषेतही अडचण असेल तर प्रश्न इंग्रजीचा नाही. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, ‘मंद’ हा शिक्का त्याआधी कुणीही मारू नये.