मदत हवी आहे – बिशप पॉलिकार्प यांच्या '86 वर्षं' बद्दल

नमस्कार मंडळी, 23 फेब्रुवारीला संत पॉलिकार्पचा सण असतो ना, त्यासाठी चर्चमधल्या तरुणांसमोर दहा मिनिटं बोलायचंय. स्मुर्णाचे (आत्ताचं तुर्कस्तानातलं इझमीर) हे बिशप, साधारण इ.स. 155 च्या आसपास शहीद झाले. पकडायला आलेल्या शिपायांना त्यांनी आधी जेवू घातलं आणि मग फक्त प्रार्थनेला वेळ मागितला, हे वाचताना मला दरवेळी भरून येतं. पुढे रोमन अधिकारी म्हणतो ख्रिस्ताला नाकार, सोडतो तुला, तेव्हा ते म्हणतात 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू?

आता ही 86 वर्षं म्हणजे त्यांचं वय की बाप्तिस्म्यापासूनचा काळ? वय धरलं तर तान्हेपणी बाप्तिस्मा झाला असं होतं, आणि मोठेपणी झाला असेल तर ते शंभरीच्या जवळ असणार. मुलं हे नक्की विचारतील. आणि स्मुर्णाच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) फिलोमेलियम या दुसऱ्या शहरातल्या मंडळीला ही हकिकत लिहून पाठवली, त्या पत्राचं मराठी भाषांतर कुणाकडे आहे का? असेल तर प्लीज कळवा, इंग्रजीतून वाचून दाखवलं तर पोचत नाही हो.