पदवी नाही, नेटवर्किंगचं काम येतं. पुढे काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ मिरजेत कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. बारावी सायन्स झालाय. वडिलांच्या आजारपणात कॉलेज सुटलं, मग आयटीआयमधून कोपाचा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) १ वर्षाचा ट्रेड केला.

हात चांगला आहे पोराचा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी... नेटच्या केबलच्या ८ तारा झटक्यात ओळीने लावून क्रिम्प करतो, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवतो. गिऱ्हाईकाचं नेट कुठे अडलंय, ते बऱ्याचदा राउटरचे दिवे बघूनच सांगतो. पण पुण्यातल्या बहुतेक जाहिरातींत पहिली अट 'एनी ग्रॅज्युएट', अर्ज तिथेच अडतो.

सध्या सीसीएनएची (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) तयारी चालू आहे, पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यावर. परीक्षेची फी मात्र आम्हाला जड आहे, म्हणून आधी विचारते. पदवी नसताना नुसत्या सीसीएनएवर कुणाला डेस्कटॉप सपोर्ट किंवा नेटवर्कच्या कामावर घेतलंय का? की सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घालावं? मला हेच पटतं, नोकरी सोडावी लागत नाही. तो म्हणतो, आधी सर्टिफिकेट. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा भरवसा नाही.

सांगली-साताऱ्याकडचं कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा, पहिली नोकरी कशी मिळाली आणि बायोडेटात दुकानातलं काम कसं मांडलं?