मायग्रेशन बघायला केनियातलं मसाई मारा की टांझानियातलं सेरेंगेटी? आईबाबा बरोबर आहेत, सल्ला हवाय

भटकभवानी:
नमस्कार मंडळी, यंदा आईबाबांना (६५ आणि ६९) घेऊन आफ्रिकेत विल्डबीस्टचं (म्हणजे नू हरणांच्या कळपांचं) मायग्रेशन बघायला जायचं चाललंय. नदी ओलांडताना बघायचंच असं बाबांनी बजावलंय, टीव्हीवर बघून बघून पाठ झालंय त्यांना. एका टूरवाल्याने ७ दिवसांत नैरोबी, नाकुरू, मारा, अंबोसेली आणि वर सेरेंगेटी असा प्लॅन दिलाय. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर भाचीलाही येता येईल. जमेल का हे? कोणी जाऊन आलंय का?

कोथरूडचा नू:
७ दिवसांत एवढं?? तो तुम्हाला मायग्रेशन दाखवत नाहीये, तुमचंच मायग्रेशन करतोय. नकाशात मारा आणि सेरेंगेटी चिकटलेले दिसतात, जनावरं खुशाल ये-जा करतात पण आपल्याला मधून सोडत नाहीत, इसेबानियाच्या सीमानाक्यावरून वळसा मारावा लागतो, अख्खा दिवस गाडीत जातो. सेरेंगेटी आणि अंबोसेली दोन्ही काढून टाका.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, मारातच ४ रात्री, एकाच कॅम्पवर. पहिले दोन दिवस नदीकाठी नुसते बसून. समोर हजारो नू, बेडकांसारखं ड्राँव ड्राँव चाललेलं, पुढचा पाण्यापर्यंत येतो, वास घेतो, वळतो, की सगळे मागे. ड्रायव्हर आपला 'पोले पोले' (स्वाहिलीत, हळूहळू). डबे संपले, पत्ते खेळून झाले, शेजारच्या गाड्या कंटाळून निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एक झेब्रा उतरला आणि मग जे सुरू झालं ना, वीसेक मिनिटं फक्त धूळ आणि पाणी, पलीकडचा काठ इतका उभा की अर्धे चढलेले घसरून खालच्यांच्या अंगावर. बायको मगर मगर ओरडत होती, पण मगरी नेतात ते किरकोळच, खरे मरतात ते बुडून आणि चेंगरून, मारा नदीत वर्षाला सरासरी ६ हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशी तिथे गिधाडं आणि मराबू करकोचे पोट फुटेस्तोवर खात बसलेले, वास असा की रुमाल नाकावरून निघेना. आईंना झेपेल का तेवढं बघा.

नैरोबीत १२ वर्षं:
वरच्यांशी सहमत. दिवाळी विसरा, तोवर बरेचसे कळप दक्षिणेकडे परतायला लागलेले असतात. आणि मे म्हणाल तर तेव्हा ते अजून टांझानियातच. थोडक्यात आपल्या शाळांच्या दोन्ही सुट्ट्या बरोब्बर चुकतात, भाचीची शाळा बुडवा. मारा नदीसाठी जुलै ते ऑक्टोबर, त्यातही तारीख कोणी सांगत असेल तर तो फेकतोय, हे कळप पावसामागे फिरतात, पलीकडे पाऊस पडला की तेच परत उलटे नदीत उतरतात.

पैशांचं एक नीट विचारून घ्या. माराची एंट्री फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर माणशी २०० डॉलर आहे, एरवी १००, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. स्वस्त पॅकेजमध्ये ही फी धरलेलीच नसते बऱ्याचदा. नैरोबीहून रस्त्याने नारोकवरून ५-६ तास, बाबांची पाठ दुखत असेल तर नैरोबीतल्याच विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या, तासाभरात पोचाल, फक्त सामान १५ किलो आणि बॅग मऊ हवी. पहाटे चांगली थंडी असते हो, स्वेटर आणा. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून आमच्याकडे पाहुणे कुडकुडत बसतात.

चिंगीचा बाबा:
मी वेगळंच सांगतो, फेब्रुवारीत न्दुतूला जा, सेरेंगेटीच्या दक्षिणेला. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात तिथे. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, गवत आखूड पण कसदार, म्हणून बाळंतपणाला सगळ्या तिथेच येतात. पिल्लू पडलं की काही मिनिटांत उभं, कारण चित्ता बघत बसलेलाच असतो. नदीकाठी ताटकळणं नाही. माझ्या मते क्रॉसिंगपेक्षा भारी, पण बाबांना नदीच हवी असेल तर काय बोलणार.

डॉक्टरीणबाई:
यलो फीव्हरची लस कोणी बोललंच नाही! केनियाला आपल्याकडून जाताना नको असते, परत येताना आपल्या विमानतळावर कार्ड मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. जायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. पण साठीच्या पुढे या लशीचे गंभीर त्रास व्हायची शक्यता जास्त असते, त्यामुळे आईबाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि मगच तिकिटं काढा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

भटकभवानी:
बापरे, लशीचं डोक्यातच नव्हतं. उद्याच विचारते. बाकी ठरलं, ऑगस्ट, फक्त मारा, ४ रात्री. न्दुतूचं बाबांना वाचून दाखवलं, "ते पुढच्या वर्षी" म्हणाले, म्हणजे माझ्या खिशाला दुसरं भोक. आता आईचा प्रश्न, चिवडा आणि भाकरवडी नेली तर चालेल का, तिला तिकडे काय खायला मिळणार याचं टेन्शन.

नैरोबीत १२ वर्षं:
चालेल, पण स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून इथे बंदी आहे. आईंना सांगा, चपातीला इथेही चपातीच म्हणतात आणि कॅम्पवर व्हेज सांगितलं की करतात. भाकरवडीचा एक डबा जाताना आमच्याकडे उतरवा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.